बटाट्याच्या सॅलडातले मनुके

वर्ना टोलेफसन मिनेसोटातल्या बेल फोर्क गावात सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती, आणि त्याच बसमध्ये बसून तिने तीन कादंबऱ्या लिहिल्या. सकाळी मुलं उतरवली की दुपारपर्यंत बस तिचीच. स्टिअरिंगवर वही टेकवायची, थर्मासातली कॉफी ओतायची आणि सुरू. प्रसंग रंगात आला की कोपर हॉर्नवर पडायचं. मग हेडमास्तर खिडकीतून ओरडायचे, "आता कोण मेलं, वर्ना?"

पहिल्या दोन कादंबऱ्या गावात कुणी उघडल्याही नाहीत. तिसरी मात्र घरोघरी वाचली गेली. तीत चर्चच्या जेवणात एक बाई बटाट्याच्या सॅलडात मनुके घालते आणि सगळे गुपचूप ते रुमालात गुंडाळतात. अख्ख्या गावात असं सॅलड करणारी एकच होती, वर्नाची शेजारीण आर्डिस.

आर्डिसने बोलणंच टाकलं. वर्नाला चोरट्यासारखं झालं. तीस वर्षं तिने ते सॅलड हसतमुखाने गिळलं होतं. लिहिताना मात्र खरं निसटून गेलं.

मग एका शनिवारी दुपारी लायब्ररीत वर्नाचं वाचन ठरलं. नऊ माणसं आली, त्यातली चार बिस्किटांसाठी. वर्नाने पहिलं वाक्य वाचलं न वाचलं, तोच आर्डिस आत शिरली. हातात बादलीएवढं भांडं.

"चालू दे गं तुझं," ती म्हणाली. "मी फक्त खरंखोटं करायला आलेय. प्रत्येकाने एक चमचा खायचा आणि माझ्या तोंडावर सांगायचं."

"इथे खायला मनाई आहे," लायब्ररीवाली फर्न पुटपुटली.

"मग ती बिस्किटं काय वाचायला ठेवलीयत?"

चमचे फिरले. सगळे चावत राहिले. शेवटी नजरा वर्नाकडे वळल्या. तिने घास कसाबसा उतरवला.

"आर्डिस, रागवू नकोस. पण वाईटच लागतं गं."

आर्डिसने स्वतः एक चमचा तोंडात टाकला. मग मटकन खुर्चीत बसली.

"मला तरी कुठे आवडतं! सासूची पद्धत ती. मला वाटायचं, तुम्ही सगळे मिटक्या मारत खाता. चाळीस वर्षं मनुके निवडतेय मी!"

फर्न इतकी हसली की तिच्या हातातलं पुस्तक थेट सॅलडात पडलं.

त्या दिवसापासून आर्डिस वर्नाची पहिली वाचक झाली. चौथ्या कादंबरीचं बाड घेऊन ती लाल पेन्सिल कानावर खोचून वर्नाच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची.

"ही विधवा एकटीच का?"

"नवरा मेलाय तिचा."

"मग दुसरा आण. दाताचा डॉक्टर चालेल. उंच बघ जरा."

वर्नाने कुरकुरत अकराव्या प्रकरणात दाताचा डॉक्टर घुसवला. शहरातल्या वर्तमानपत्राने परीक्षणात नेमकं त्याचंच तोंड भरून कौतुक केलं. ते कात्रण आर्डिसने आपल्या फ्रिजवर लावलं, वर्नाचं नाव तेवढं कापून.