कॉफी तोलायचा काटा

"काका, काफी तोलाले काटा? दोन चमचे टाका न् प्या की!" पांढुर्ण्यातला तो भांड्यांचा दुकानदार मला हसून राहिला होता. त्याचं तरी काय चुकलं? आमचं गाव चहाचं. आणि जन्मभर संत्र्याच्या आडतीत बसून क्रेटच्या क्रेट तोललेला माणूस आता चिमटीएवढ्या भुकटीसाठी काटा मागत होता.

पण गोष्ट माझ्या बायकोच्या जिभेची होती. पोळ्यानंतर तिला ताप आला. ताप गेला, आणि जाताना चव न् वास दोन्ही घेऊन गेला. जिच्या हातच्या पाटवडी-रश्श्यासाठी सौंसरचे सोयरे काही ना काही निमित्त काढून यायचे, ती बाई गॅसजवळ चमचा धरून मला विचारायची, "मीठ पाहा बरं जी, बरोबर आहे का?" जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो, तर ती उदबत्त्यांजवळ किती वेळ वाकून उभी होती. धूर डोळ्यांत गेला, पण वास काही आला नाही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, येईलही, नाही येणारही. रोज त्याच त्या वस्तू हुंगा, चाखा, धीर धरा. धीर! आणि तो माझ्यासारख्या उतावळ्या माणसानं धरायचा!

तशात बंगलोरच्या पोरीनं कॉफी पाठवली, सोबत पितळेचं फिल्टर. एका सकाळी पहिल्याच घोटाला बायको ओरडली, "अवो, कडू लागलं! थोडंसं, पण लागलं!" आम्ही दोघंही नाचायचेच बाकी होतो. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. तिचा चेहरा रोज त्या कपाबरोबर वरखाली व्हायचा, आणि माझ्यानं ते पाहवत नव्हतं.

पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचा चमचा रोज वेगळा भरते. कधी शीग, कधी सपाट. मग आईची जीभ सुधारून राहिली का तुमचा हात बदलून राहिला, हे कसं समजन? काटा घ्या." मोबाइलला जोडायचा एक महागाचा काटा ती पाठवायला निघाली होती. म्हटलं, राहू दे बाई, उभा जन्म काट्यापाशी गेला माझा, मी निवडतो.

म्हणून खिशात कॉफीची पुडी घेऊनच दुकानात गेलो. पहिला काटा दिसायला देखणा, पण पुरता ग्रॅम झाल्याशिवाय त्याचा आकडा हलेना. मी चिमटी-चिमटीनं भुकटी टाकतोय आणि हा ढिम्म! दुसरा सोनाराकडचा, अगदी बारीक तोलणारा; पण त्याची ताटली एवढीशी की त्यावर फिल्टर ठेवलं तर आकडाच झाकला जाई. तिसऱ्यावर भांडं ठेवलं, शून्य केलं, दुकानदाराशी दोन शब्द बोललो तेवढ्यात तो आपोआप बंद. "अरे, पाणी ओतता ओतता हा झोपला तर मी काय करू?" म्हटलं. शेवटी एक करड्या रंगाचा, बिननावाचा, दोन सेलवर चालणारा निघाला. ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवायचा, ताटली रुंद, आकडा पुढं, आणि लवकर झोपतही नव्हता. स्वस्तातला होता, पण इमानी होता. "टायमरवाला नाही पाह्यजे?" दुकानदारानं विचारलं. "भिंतीवर घड्याळ आहे ना बाप्पा!" मी म्हणालो.

त्या दिवसापासून भुकटी तोलून, पाणीही तोलून. कॉफी रोज तीच. आता जे लागेल ते तिच्या जिभेचं. पण बहुतेक सकाळी ती मान हलवायची, "कालच्यासारखंच." काट्यानं आशेची सोयही काढून घेतली की काय, असं मला वाटू लागलं. मी त्याला चार शिव्याही घातल्या.

मग संक्रांतीच्या आसपासची एक सकाळ. बायकोनं घोट घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आज जास्त टाकली का जी?"

"वा! काट्यावर तोलली, या डोळ्यांनी आकडा पाहिला."

"मंग काटा खोटा बोलून राहिला. आज कडू जास्त आहे."

मी भांडायच्या तयारीतच होतो, आणि एकदम माझा हात मला आठवला. आमच्या धंद्यात तोल झाला की वरून दोन संत्री टाकायचीच. नुसतं काट्याला काटा देऊन गिऱ्हाईक परत पाठवलं तर लोक नावं ठेवतात. आदल्याच दिवशी पोरीची नवी पुडी आली होती, मन खुशीत होतं, आणि आकडा बरोबर आल्यावर माझ्या हातानं सवयीनं वरून एक चिमूट टाकली होती. जित्याची खोड!

"अवं," मी म्हणालो, "टाकली होती. चिमूटभर, वरून."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "चिमूटभर?" मग परत एक घोट. मग अजून एक. "माय वं! मले चिमूटभर समजली!" आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मीही रडलो, लाज कशाची? त्या करड्या काट्याला मी हात जोडले, पोरीला जोडले, हनुमानाला जोडले, आणि त्या हसणाऱ्या दुकानदारालाही मनातल्या मनात जोडले.

डोळे पुसून ती तडक गॅसपाशी गेली. रात्रीच्या उरलेल्या वरणाचं झाकण काढलं, बोट बुडवून चाटलं, आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"याच्यात तर मीठच नाही! आन् तुमी रोज काय म्हणत होते? एकदम फस्क्लास?"

इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.