करडी घोडी

पोलिओनं माझ्या लेकीचे दोन्ही पाय गेले, तेव्हा ती चार वर्षांची होती. सातव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "परदेशात अशा मुलांना घोड्यावर बसवतात. पाठीला बळ येतं. बघा जमलं तर."

मी शाळेत शिकवत होते. घोड्यांतलं मला काय कळणार? शाळेच्या वाटेवर सात रस्ता चौकात टांगे उभे असत, तिथं जाऊन आमच्या ओळखीच्या टांगेवाल्या चाचांना सगळं सांगितलं.

चाचांनी आधी लेकीला कडेवर घेऊन पाहिलं. स्वतःच्या तरण्या घोड्याजवळ तिला नेलंच नाही. एका रुंद पाठीच्या घोडीवर बसवलं, तर मांड्या ताणल्या जाऊन ती किंचाळली. दुसरा घोडा हिसके देत चालायचा. शेवटी त्यांनी एका म्हाताऱ्या टांगेवाल्याची करडी घोडी निवडली. अंगानं अरुंद, चाल संथ. लेक एका बाजूला कलली की घोडी आपसूक थांबायची.

"हीच," चाचा म्हणाले. "हिला पोरीचा तोल कळतो, बाई."

दर रविवारी सकाळी मैदानात चाचा आणि मी तिच्या दोन्ही बाजूंनी चालायचो. पाचव्या महिन्यात लेक म्हणाली, "आई, हात काढ की." मी काढला. ती ताठ बसली होती.

मग दुष्काळ पडला. कडबा मिळेना. म्हाताऱ्यानं घोडी जेऊरकडच्या कुणाला तरी विकली. मी रेल्वेनं गेले, दिवसभर विचारत फिरले. घोडी पोट फुगून मेल्याचं कळलं.

लेकीची पाठ पुन्हा वाकायला लागली. मला बघवेना. चाचांना म्हटलं, "तुमचाच घोडा द्या."

"नको, बाई. लई बुजतो तो. पोरीला न्हाय झेपायचा."

मी रडले, हात जोडले. शेवटी त्यांचा नाइलाज झाला. पहिल्याच फेरीला रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला आणि घोडा उधळला. माझ्या मुठीत तिच्या फ्रॉकची फाटकी झालर तेवढी राहिली.

खुबा मोडला, तो नीट सांधलाच नाही. त्यानंतर लेक आधाराशिवाय कधी बसली नाही.

चाचा बरेच दिवस संध्याकाळी येऊन दारात उभे राहायचे. चूक माझी होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांना एकदाही आत या म्हटलं नाही. पुढं ते यायचे थांबले. मी शाळेला जायला दुसरा रस्ता धरला.