अमेरिकेला निघालेली डिंडोलीची व्हॅन

दोंडाईचाहून सकाळच्या गाडीनं सुरतेला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत मावशीसाठी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ होतं, लसणाची चटणी होती आणि मोबाईलमध्ये अमेरिकेहून आलेली एक सूचना होती. ‘बाकी काही नाही बघितलंस तरी चालेल, गाडीचं स्टेअरिंग उजवीकडं आहे एवढं नक्की बघ.’ वाचून मला हसू आलं. आपल्या देशात ते दुसरीकडं असतं कुठं?

सूचना प्रशांतची होती. तो कॉलेजात माझ्या खोलीत राहायचा. मला इंग्रजी बोलायची भीती वाटायची तेव्हा हा रोज संध्याकाळी माझ्याशी चुकीच्या इंग्रजीत गप्पा मारायचा, म्हणजे मला बरोबर बोलायची सक्ती नको. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. आता तो अमेरिकेत, जिथं मका भरपूर आणि माणसं तुरळक अशा भागात, मोटारीतून टपाल वाटतो. तिकडं घराघरांसमोर रस्त्याच्या उजव्या कडेला खांबावर पत्रांचे डबे असतात आणि गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडं. गाडी टपालवाल्यानं स्वतःची आणायची. त्यामुळे प्रशांत उजव्या खुर्चीत बसतो, डावा पाय लांबवून ब्रेक मारतो, डाव्या हातानं स्टेअरिंग धरतो आणि उजव्या हातानं पत्रं टाकतो. दिवसभर असा आडवातिडवा ताणून त्याची कंबर गेली. डॉक्टरनं सांगितलं, एक तर गाडी बदल, नाहीतर काम. काम बदलायचं म्हणजे परत मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी.

पंचवीस वर्षांहून जुनी गाडी तिकडं बाहेरून सहज नेता येते म्हणे. माझ्या सुमनमावशीचे यजमान, हिलालकाका, यांची सुरतेतल्या डिंडोलीतली डब्यासारखी व्हॅन त्याहून जुनी होती आणि ते ती विकणारच होते. कापडाच्या मशिनरीसोबत कंटेनरमध्ये जागा देणारा एक एजंटही मिळाला. गाडी तपासायला अर्थातच मला निवडलं गेलं. मी घराण्यातला पहिला पदवीधर. त्यामुळे बोअरची मोटर बिघडली, बाळाचं नाव ठेवायचं झालं, की माणसं माझ्याकडंच येतात. मला गाडी चालवता येत नाही, पण त्याला कुणी महत्त्व देत नाही.

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मी महाराष्ट्रात चहा घेतला आणि गुजरातेत सांडला. पुढं सागाची झाडं सुरू झाली, मग व्याऱ्यानंतर उसाचे मळे. समोर एक धोतर-टोपीवाले गृहस्थ येऊन बसले होते.

“सुरत केम?” (सुरतेला कशाला?) त्यांनी विचारलं.

“गाडी बघायला. जुनी आहे. अमेरिकेला पाठवायची आहे.”

“अमेरिकामां गाडी नथी?” (अमेरिकेत गाड्या नाहीत?)

मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. बारडोलीपर्यंत त्यांचा हात पिशवीवरून हलला नाही.

सुरतेच्या अलीकडच्या उधना स्टेशनवर काका घ्यायला आले होते. व्हॅन मात्र आणली नव्हती. “घरी चल, मग दाखवतो,” म्हणाले आणि डोळे मिचकावले. शेअर रिक्षात आम्ही दोघं, एक अनोळखी बाई आणि साड्यांचे तीन गठ्ठे असे बसलो. गठ्ठे आतल्या बाजूला, आम्ही कडेला. रस्त्यात लूमची (यंत्रमागांची) खटखट सुरूच होती. दोन मिनिटांत ती ऐकू येईनाशी होते आणि आपण ओरडून बोलतोय हे लक्षात येत नाही. मी त्या बाईला “पाय जरा सरकवा” एवढं खेकसून सांगितलं की तिनं गठ्ठाच सरकवला.

डिंडोलीतल्या गल्लीत जवळपास प्रत्येक ओट्यावर बाया साड्यांचे सुटे धागे कापत नाहीतर खडे चिकटवत बसलेल्या. काका मार्केटमधून गठ्ठे आणून या घरांमध्ये वाटतात आणि झालेलं काम गोळा करतात. मावशी दारातच होती.

“उना का रे भाऊ? किती सुकी गया!” (आलास का? किती वाळलास!)

लग्न झाल्यापासून माझं वजन एकदाही कमी झालेलं नाही. पण मावशीच्या डोळ्यांना माणूस उपाशीच दिसतो. तिनं शेवभाजी वाढली, वर पोंक (हिरव्या ज्वारीचे भाजलेले दाणे) आणि लिंबूशेव, आणि मी हात धुवायच्या आत काका उठले.

व्हॅन घरामागं उभी होती, अंगावर दोन बांधणीच्या साड्या पांघरून. पुतळ्याचं अनावरण करावं तशा काकांनी त्या ओढल्या. आत नवा पांढरा रंग, बोनेटला झेंडूची माळ. मी कौतुकानं उजवं दार उघडलं, आत बसलो आणि हात पुढं केले.

समोर गणपती होता. स्टेअरिंग नव्हतं.

“काका,” मी म्हणालो, “स्टेअरिंग?”

“डावीकडं!” काकांचा चेहरा फुलला होता. “अमेरिकेत डाव्या बाजूलाच राहतं ना? आम्हले काय माहीत नही का? तुझ्या मित्राला तिकडं जाऊन खर्च नको म्हणून इथूनच करून टाकलं. बमरोलीच्या बाबूभाईनं केलं, लूमचा फिटर आहे. लूमची चेन टाकली त्यानं.”

मी खाली वाकून बघितलं. उजवीकडच्या दांड्यावर दातेरी चाक, त्यावरून आडवी गेलेली चेन, डावीकडं दुसरं चाक आणि त्यावर स्टेअरिंग. ब्रेक-क्लचलाही सळया जोडून डावीकडं नेलेल्या. चेन जावी म्हणून पत्रा चांगला हातभर कापलेला.

मी सरळ होऊन बसलो. मग मी प्रशांतचे डबे, त्याचा डावा पाय, त्याची कंबर, सगळं सांगितलं. हे सगळं फोनवर काकांना सांगायचं काम माझंच होतं. मी फक्त ‘जुनी व्हॅन हवी आहे, अमेरिकेला जाणार आहे’ एवढंच सांगितलं होतं. उजवं स्टेअरिंग वेगळं सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मावशीनं एकदा व्हॅनकडं आणि एकदा काकांकडं बघितलं. “म्हणजे त्यानं मुद्दाम आपल्यासारखी मागितली होती?”

“हो.”

“आणि यांनी त्याच्यासारखी करून ठेवली!” असं म्हणून ती जी हसायला लागली ती ओट्यावर बसलीच. काका माळेतली झेंडूची फुलं नीट करत राहिले.

एजंटाला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. “पत्रा कापलेला आहे. मूळ अवस्थेतली गाडी असेल तर बोला. ही गाडी तिकडच्या बंदरावर मी कोणाला समजावून सांगत बसणार नाही.” आणि फोन बंद. प्रशांत तेव्हा झोपलेला असणार. त्याला झोपू द्यावं असं ठरवून मी स्वतःचीच सुटका करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, “चल, वाटप करून येऊ. गाडी चालते कशी ते तरी बघ.” त्यांचा उत्साह परत आला होता. मी गठ्ठ्यांवर मागं बसलो, काका डावीकडं स्टेअरिंगवर आणि मावशी उजवीकडं गणपतीसमोर. वाटेत लोचो (डाळीच्या पिठाचा वाफवलेला मऊ पदार्थ, खमण करताना बिघडल्यासारखा दिसतो आणि खमणपेक्षा चांगला लागतो) बांधून घेतला.

गाडी चालत होती. स्टेअरिंग फिरवलं की आधी चेन विचार करायची, मग चाकं वळायची. पण काका खूश होते, कारण घरं रस्त्याच्या डाव्या बाजूला आणि आता तेही डावीकडं. खिडकीतून हात काढून गठ्ठा थेट ओट्यावर. “बघितलं? उतरायचं काम नाही, कोणाची मदत नाही!”

आजवर ही मदत मावशी करायची. डावीकडं बसून ती लांबूनच हाक मारायची, “सरला, आज खड्यांचं आहे गं!” आणि गाडी पुरती थांबायच्या आत गठ्ठा दिलेला, मागचा घेतलेला आणि सरलाच्या सासूची तब्येत विचारून झालेली असायची. आज सवयीनं तिनं खिडकीतून “सरला!” अशी हाक मारली, तर शेजारून जाणारा मोटारसायकलवाला दचकून वळून बघायला लागला.

गठ्ठे जात होते, पण बाया जात नव्हत्या. “मावशी कुठं?” असं विचारून प्रत्येक बाई गाडीला वळसा घालून भर रस्त्यात उजव्या खिडकीशी यायची. मागं टेम्पो हॉर्न मारत उभे. पूर्वी एका गल्लीला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागला. काका म्हणाले, “बायांनाच बोलायची सवय जास्त.”  मावशीचे दोन्ही हात मांडीवर होते, त्यांना काही काम नव्हतं. मी तिला एवढं गप्प बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

उधन्याच्या चौकात ट्रॅफिक पोलिसानं हात केला. तो उजव्या खिडकीशी आला.

“बेन, लायसन्स बतावो.”

मावशीच्या तोंडात लोचो होता. “कशाचं? मी तर नुसती बसली.”

“तो गाडी कोण चलावे छे?” (मग गाडी कोण चालवतंय?)

मावशीनं बोटानं पलीकडं दाखवलं. पोलिसानं वाकून बघितलं. काकांनी त्याला सलाम केला. पोलीस पुढून फेरी मारून डावीकडं आला, स्टेअरिंग बघितलं, चेन बघितली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

“आ शुं छे?” (हे काय आहे?)

“साहेब, अमेरिकन मॉडेल.”

“नंबर तो सुरतनो छे!”

मागून मी पुढं झालो आणि पदवीधराला शोभेल अशा हिंदीत सगळी हकीकत सांगितली, प्रशांतच्या कमरेसकट. त्यानं ती पूर्ण ऐकली. मग काकांना म्हणाला, “आज ने आज स्टेरिंग एनी जग्याए. काले आवी देखाई, तो गाडी जमा.” (आजच्या आज स्टेअरिंग जागेवर. उद्या अशी दिसली तर गाडी जमा.) आम्ही निघणार तोच तो परत खिडकीशी आला आणि हळूच विचारलं, “अमेरिकामां टपालीने पगार केटलो?” (अमेरिकेत टपालवाल्याला पगार किती?)

तिथून सरळ बमरोली. बाबूभाई लूमच्या तेलात कोपरापर्यंत माखलेले होते. “सुंदर काम केलं होतं. या शहराला किंमत नाही,” असं म्हणत त्यांनी पाना घेतला. चेन उतरायला लागली आणि नेमका तेव्हाच प्रशांतचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा व्हॅनकडं धरला आणि एका दमात सांगून टाकलं. चूक माझी, गाडी गेली, माफ कर.

प्रशांत पडद्याच्या अगदी जवळ आला. 

“थांब,” प्रशांत म्हणाला. “ती चेन परत दाखव. जवळून.”

मी दाखवली.

“अरे, हेच मला उलटं पाहिजे! इकडं असले संच मिळतात, पण माझ्या गाडीच्या मापाचा कोणी बनवत नाही. मी सगळीकडं विचारलं. तुझ्या त्या भाईंना विचार, मी मापं पाठवली तर करतील का? डावीकडून उजवीकडं?”

मी बाबूभाईंना विचारलं. ते पाना पुसत म्हणाले, “त्यात काय? आरसा समोर ठेवून बनवतो.” मग मोबाईल माझ्या हातातून घेऊन त्यांनी प्रशांतला बजावलं, “मी बनवीन, पण बसवल्यावर तिकडच्या मिस्त्रीकडून तपासून घ्यायचं. चेन ढिली ठेवायची नाही. ह्यांच्या गाडीत ढिली राहिली होती.”

“मला सांगितलं नाही तेव्हा!” काका ओरडले.

“तुम्ही कुठं अमेरिकेला चालला होता?” बाबूभाई म्हणाले.

व्हॅनचं स्टेअरिंग उजवीकडं गेलं. मावशी कोणी न सांगता डावीकडं जाऊन बसली आणि खिडकीची काच खाली केली. घरी जाताना काका म्हणाले की पत्रा कापलेली गाडी आता कोण घेणार, राहू दे आपल्याकडंच. मावशीनं “बरं” एवढंच म्हटलं आणि पहिल्याच वळणावर तिची हाक ऐकू आली, “सरला, सकाळी काय म्हणत होतीस गं?”

परतीच्या गाडीत पिशवीत सुरतेची प्रसिद्ध मिठाई घारी होती, सुतरफेणी होती आणि जी तपासायला गेलो ती गाडी नव्हती. नवापूर आलं. या वेळी मी गुजरातेत चहा घेतला आणि महाराष्ट्रात येईपर्यंत सांडू दिला नाही. सुरतेनं माझ्यात केलेली सुधारणा विचाराल तर एवढीच. आणि एक गोष्ट मनात राहिली. प्रशांतसाठी काहीतरी करायचंच, म्हणून मी फार जबाबदारीनं गेलो होतो. त्याचं काम झालं ते मात्र माझ्या अर्धवट निरोपामुळं, काकांच्या अति-आपुलकीमुळं आणि एका पोलिसामुळं.

पार्सल पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा ते प्रशांतच्याच वाटपात आलं. जड असल्यामुळे डब्यात मावणारं नव्हतं. नियमाप्रमाणं त्यानं स्वतःच्या दाराची बेल वाजवली आणि स्वतःच्या बायकोची सही घेतली. मिस्त्रीनं चेन बसवून, दोनदा आवळून दिल्यावर त्यानं पहिल्या फेरीचा व्हिडिओ पाठवला. उजवीकडं ताठ बसलेला प्रशांत, दोन्ही पाय जागेवर, उजवा हात खिडकीबाहेर, डबा उघडतो, पत्र टाकतो, पुढं जातो. दोन्ही बाजूंना मका.

मी तो मावशीला पाठवला आणि फोन केला. तिनं तो दोनदा बघितला होता.

“चांगलं झालं बिचाऱ्याचं,” ती म्हणाली. “पण त्याच्या डाव्या बाजूला कोणी बसलेलं दिसत नाही.”

“कोणीच नसतं, मावशी. एकट्याचंच काम आहे ते.”

 मागून काकांचा हॉर्न ऐकू येत होता.

“मग आज कोणाकडं काय झालं,” मावशीनं विचारलं, “हे त्याला कळतं कसं रे?”