देवऋषीला गाडीत घ्या

आमच्या वहिनींच्या हातून आजवर एकही गोष्ट पूर्ण झालेली नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान आहे. राहुरीजवळच्या एका शाळेत त्या शिकवतात. घरात पोहे केले तरी पहिल्या घासालाच विचारतात, "काय बदलू?" कुणी "छान झालेत" म्हटलं की चेहरा पडतो. "छान नको भावजी, कुठं अडलं ते सांगा." एकदा आपलं बोलायचं म्हणून मी मीठ कमी आहे म्हणालो, तर ते तारखेसह वहीत चढलं.

त्याच वहीत त्यांचा खेळ वाढतो. साप चावलेल्या माणसाला दहा खेळींत सरकारी दवाखान्यात पोचवायचं, असा पत्त्यांचा खेळ. वहिनींचा धाकटा भाऊ उसात साप चावून गेला. घरच्यांनी आधी देवऋषीकडे नेलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पत्ते मात्र दर शनिवारी बदलतात. आमचे दादा खेळायला बसले की हटकून वाटेत चहाला थांबायचे आणि पेशंट गमवायचे. पुढच्या शनिवारी "चहा : एक खेळी वाया" हा पत्ता हजर! खेळ सगळ्यांना फुकट. मोबाईलवरून पाठवताना खाली एवढंच लिहितात, हवा तसा बदला, पण काय बदललं ते कळवा.

खरी पंचाईत झाली ती वहिनींनी आठवडी बाजारात खेळ मांडला तेव्हा. खेळात देवऋषीचाही एक पत्ता होता, आणि जो तो आधी तोच उचली नि पेशंट गमवी. "काढून टाका तो पत्ता," मी वैतागून म्हणालो. तेवढ्यात खेळणारे एक म्हातारबाबा म्हणाले, "बाई, दवाखान्याला न्हाई कोन म्हनतंय? पन त्याला इचारल्याबिगर पाय निघत न्हाई." मी कपाळाला हात लावला. वहिनींनी वही काढली. पुढच्या आवृत्तीत देवऋषी जीपमध्ये पेशंटशेजारी बसला होता. मंत्र काय म्हणायचे ते वाटेत म्हणा! मी पोट धरून हसलो.

गेल्या हंगामात श्रीगोंद्याकडच्या एका ऊसतोड टोळीतल्या बाईचा व्हॉइस मेसेज आला. "बाई, तुमच्या खेळात चूक हाय. आमच्या टोळीत जीप कुठली? आमच्या मालकांना साप चावला तवा मोटरसायकलीवर मदी बसवलं, देवऋषी मागून धरून. वाचले बगा. तेवढा मोटरसायकलीचा पत्ता घाला."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. वहिनींनी मेसेज तीनदा ऐकला. चूक कळली की लगेच पेन उचलणाऱ्या वहिनींनी या वेळी वही मिटली.

"भावाच्या वेळी आमच्या दारात होती हो मोटरसायकल," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी कोरा पत्ता पुढे ओढला आणि एकामागे एक तीन माणसं बसतील अशी लांबलचक मोटरसायकल काढायला घेतली.