काचेवर विश्वास नसलेले साहेब

जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला फसवायला टपलेली आहे आणि त्यांत काच सगळ्यांत पोचलेली, असं आमच्या साहेबांचं ठाम मत होतं. दोह्यातल्या एका इस्पितळाचा विजेचा वापर कमी करण्याचं काम आमच्या कंपनीकडे होतं. साहेब नाशिकचे, त्या कामाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली नवखी. काच पुरवणारा म्हणाला, "दुहेरी आहे, ऊन अडवते," की साहेब "इन्शाल्ला" म्हणत आणि लगेच मोबाईलचा टॉर्च लावून काचेतली प्रतिबिंबं मोजत. चार दिसली तर काच दुहेरी. त्यांतलं एक वेगळ्या रंगाचं असलं तरच ऊन अडवणारा लेप खरा. द पर्ल या श्रीमंत वस्तीत एका ओळखीच्यांकडे गणपतीच्या दर्शनाला गेलो, तर बाप्पाला हात जोडण्याआधी हे दिवाणखान्याच्या खिडकीशी! "तीनच मिनिटं," म्हणाले, आणि आरती संपल्यावर यजमानांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "घरमालकाने फसवलंय तुम्हाला. एकेरी आहे."

इस्पितळाच्या पश्चिमेकडची एक खोली इतर खोल्यांपेक्षा फार वीज खायची. साहेबांनी आधी मीटरवर संशय घेतला, मग एसीवाल्यावर, मग नर्सवर. इस्पितळाची नवी इमारत व्हायची होती, तिच्यातल्या खिडक्या निम्म्या करा, असा अहवालही त्यांनी लिहून ठेवला होता. पाठवण्याआधी चोर रंगेहाथ पकडू म्हणून भर दुपारी मला घेऊन ते त्या खोलीत शिरले. पडदा सताड उघडा, खोलीभर ऊन, आणि प्लास्टरमधला पाय टांगून पडलेला एक माणूस.

"परदा क्यूँ खुला रखा है?" साहेबांनी दरडावलं.

माणूस गडबडला. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहून हळूच म्हणाला, "ताई, मराठी हाव का? मी लातूरकडचा. बिरकत अल अवामेरला, कामगारांच्या वस्तीत ऱ्हातो, कामावर पडलो. पडदा लावला की जीव घाबरा होतो बगा. उघडा असला की रस्त्यावर माणसं चालताना दिसतेत."

साहेबांनी खाली वाकून, त्याच्या उशीच्या उंचीवरून बाहेर पाहिलं. तिथून रस्ता जेमतेम दिसत होता. बाकी सगळं पांढरं आभाळ. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. मग पडद्याला हात न लावता बाहेर पडले.

अहवाल त्यांनी नव्याने लिहिला. खिडक्या निम्म्या करू नका, उलट खाटेवरून रस्ता दिसेल इतकी खालची कड खाली आणा, आणि पश्चिमेचं ऊन बाहेरच अडवायला तिरप्या कोनात वळवलेल्या उभ्या पट्ट्या लावा. मीटिंगमध्ये खर्चावरून दोन तास वाद झाला. "खलास, भिंतच बांधून टाका मग," असं ओरडून साहेब उठले, आणि शेवटी त्यांचंच झालं.

साहेब आता कायमचे नाशिकला गेले. परवा मी नव्या इमारतीत एका पश्चिमेच्या खोलीत डोकावले. उन्हं कलली होती, तरी खोली थंड होती. एक म्हातारे गृहस्थ कुशीवर झोपून रस्ता बघत होते. ही खिडकी कुणी भांडून मिळवली ते त्यांना सांगावंसं वाटलं. पण ते इतके रमले होते की मी दार हळूच ओढून घेतलं.