थांबाताई

फोन उचलल्यावर त्या ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘थांबा’ म्हणत. आणि लगेच, “भाऊ, हात माउसवरून काढा.” अकोल्याच्या आमच्या रक्तपेढीत म्हणूनच त्यांचं नाव थांबाताई पडलं. त्या बसायच्या अमरावतीच्या मुख्य कार्यालयात. रक्तदात्यांची सगळी माहिती तिथल्या सर्व्हरवर होती आणि आम्ही इथून तिला जोडलेले.

जोडणीसाठी संगणकावर एक खिडकी उघडायची. कनेक्शनचं नाव, सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड भरून ‘टेस्ट’ दाबायचं. हिरवी खूण आली की झालं. ताईंनी आम्हाला दोन कनेक्शनं करून दिली होती. खऱ्या माहितीचं नाव ‘अमरावती’, सरावासाठी ठेवलेल्या नकलेचं ‘सेमाडोह’. “सेमाडोह म्हंजे जंगल. तिथं कितीबी धिंगाणा करा. अमरावतीत मात्र चपला काढून जा,” असं त्या बजावत.

मी मुळातच अपराधी मनाचा माणूस. ऑफिसातली वीज गेली तरी माझाच हात कुठेतरी लागला असेल, असं मला वाटतं. ताईंना हे ठाऊक होतं. ‘माझंच चुकलं’ म्हटलं की म्हणायच्या, “काय चुकलं ते तं सांगा आधी. कोनाचं चुकलं ते मंग पाहू.”

एका सकाळी नेट बंद पडलं आणि कनेक्शनं बिघडली. मीच धीर करून सेटिंग पुन्हा भरली. हिरवी खूण आली. दुपारी कामावर नव्याने आलेल्या मुलींचं शिकणं संपल्यावर मी नेहमीप्रमाणे सेमाडोहमधल्या सगळ्या नोंदी पुसल्या. तेवढ्यात एक गृहस्थ घाईघाईने आले. सुनेचं बाळंतपण अडलं होतं, ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, आणि आमच्याकडे एकही पिशवी नव्हती. दाता शोधायला मी त्या दिवशी पहिल्यांदाच अमरावती उघडलं. यादी कोरी!

मघाशी पुसलेल्या नोंदी आठवल्या. ताईंना फोन लावून म्हणालो, “मी सगळे दाते पुसले हो!”

“थांबा. हात काढा माउसवरून. सकाळी सेटिंगले हात लावला होता काय?”

“हो जी.”

“दोन्ही कनेक्शनचे पत्ते वाचा. मनातून नोका वाचू, पडद्यावरून वाचा.”

वाचले. दोन्हींचा पत्ता एकच होता, सरावाच्या सर्व्हरचा.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “अवो, नाव अमरावती अन् तुमी कवाचे जंगलातच फिरून राहिले ना बाप्पा! खरे दाते जागेवर हायेत.”

त्यांनी सांगितलेला पत्ता भरला आणि यादी भरभर खाली उतरली. मी माफी मागू लागलो, तर त्या ओरडल्या, “माफी मंग मागा, आधी दात्याले फोन लावा!” पातूरचा एक शिक्षक मोटारसायकलने आला. संध्याकाळी ते गृहस्थ पेढे देऊन गेले. मुलगी झाली होती, आई सुखरूप. त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि शांत झोपलो.

ताई निवृत्त होण्याआधी अकोल्याला आल्या. दोन्ही कनेक्शनं पुसायला लावली आणि माझ्याकडून नव्याने भरून घेतली. स्वतः शेजारी चहा पीत बसल्या, एका शब्दाने मदत केली नाही. सगळं नीट जुळल्यावर उठल्या. “आता मले कनेक्शनसाठी फोन करू नोका. लग्नाकार्याचा करा.”

परवा केला. माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा. तारीख सांगितली, पत्ता सांगितला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, एवढ्या बोलण्यात मी एकदाही माफी मागितली नव्हती.