गळणारं वाचनालय

माझी नात अमेरिकेत इमारती बांधायचं शिकते. गाव छोटं, चहूकडे मक्याची शेतं. पण एका नामवंत आर्किटेक्टने तिथे वाचनालय बांधून ठेवलंय, आणि तो गेला तरी ते बघायला लांबून माणसं येतात. सुट्टीत ती मस्कतला आमच्याकडे आली तेव्हा ओळखीच्या बायका म्हणाल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्हालाही ते वाचनालय दाखव की.

"मराठीतच सांगणार," पोरगी म्हणाली. "आजीला कळायला पाहिजे."

तिचं मराठी अडखळतं. मी इथल्या मवालेहच्या बाजारातली मेथी निवडायला बसले की शेजारी येऊन शब्द विचारायची.

"आजी, छप्पर की गच्ची?"

"वर वाळवण घालता येतं ती गच्ची."

"मग गच्ची. पण शेवट आधी नाही सांगणार. तिथेच ऐक."

हळदीकुंकवाच्या दिवशी आमचा हॉल भरला. "यल्ला, सुरू कर," एक बाई म्हणाली. पोरीने टीव्हीवर फोटो लावले. हळूहळू, पण नीट सांगत होती. "ही गच्ची पहिल्यापासून गळते. तरी गावातले लोक दर वर्षी ती..." शब्द अडला.

मी मध्येच बोलले, "गळते? मग कसला एवढा मोठा आर्किटेक्ट तो? त्यापेक्षा आमच्या गावचा गवंडी बरा! हे शिकायला तुला इतक्या लांब धाडलं?"

बायका खळखळून हसल्या. मला बरं वाटलं. एरवी त्या आपसात नोकऱ्यांचं बोलतात आणि मी चौथी शिकलेली, चहा देते.

पोरीचा चेहरा उतरला. "सॉरी," म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलली. इंग्रजीत ती अडखळत नाही. बायका पुढे सरकून ऐकू लागल्या. मला फक्त 'रूफ' कळत होतं. शेवटी माझ्याकडे हात करून ती काहीतरी म्हणाली. एकीने डोळे पुसले. शेजारच्या बाईने माझा हात दाबला, "नशीबवान आहात हो, काकू!"

मी मान डोलावली. सगळं कळल्यासारखी. पोरगी माझ्याकडेच बघत होती.

बायका गेल्यावर विचारलं, "शेवटी काय म्हणालीस गं?"

"काही नाही, आजी. बिल्डिंगचंच."

ती परत गेली. सून, म्हणजे पोरीची आई, त्या दिवशी तिथेच बसली होती, विचारलं तर लगेच सांगेल. रोज दोघी एकाच ओट्याशी असतो. अजून विचारलेलं नाही. कुठल्या तोंडाने विचारू?